रानातली तीन दिवसांची रजा



गोदाकाठच्या या पटांगणात आम्ही पुष्कळ वर्षे मागच्या सतरंजीवर बसून व्याख्याने ऐकली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते या सतरंजीवर, वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटवर. म्हणून चालकांनी यंदा आम्हांला पुढे बोलावून 'ख्रिस्ती श्रद्धा आणि निसर्ग' हा विषय सुचविला, तेव्हा आम्ही म्हणालो, अहो, यासाठी एखादे धर्मगुरू पाहा, नाहीतर कवी पाहा. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आमच्या तोंडी वेतनकरार आणि बोनस. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही दर वर्षी पोरांना घेऊन अंजनेरीच्या पायथ्याशी राहता ना, तेवढेच सांगा." तेवढेच सांगणार आहोत. मात्र सुरुवात एका भांडणापासून करावी लागेल.

आमचे आजोबा नगर जिल्ह्यातले. वडील कामासाठी नाशकात आले आणि शरणपूरच्या बाजूला खोली घेऊन राहिले. रविवारच्या शाळेत बाई आम्हांला डोंगरावरील प्रवचन शिकवीत. त्यात येशू रानातल्या भूकमळांकडे बोट दाखवतो. ती कष्ट करीत नाहीत, सूत कातीत नाहीत, तरी शलमोन राजाच्या थाटाला त्यांची सर नाही, अशा अर्थाचे ते बोल आहेत. बाई मोठ्या गोड आवाजात सांगत. आणि घरी यावे तर वडील रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपलेले. आईने खिडकीला चादर लावलेली, आम्हां भावंडांना बोलण्याची बंदी. पुढे आम्ही स्वतः मशीनवर उभे राहिलो, संघटनेत पडलो, आणि ते वचन आम्हांला मालकाच्या बाजूचे वाटू लागले. ज्याला कष्ट करावे लागत नाहीत त्यानेच फुलांकडे पाहावे, असा आमचा हिशेब होता.

हेच प्रवचन वाचून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आयुष्य पालटले, हे नाशिककरांना नव्याने सांगायला नको. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचता वाचता ते त्या डोंगरावरच्या प्रवचनाशी अडले ते अडलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. त्या काळी आम्हांला वाटे, असतील. कवीला फुले परवडतात. पण टिळकांच्या घरची खरी स्थिती लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचली आणि आम्ही वरमलो. त्या घरात पैसा टिकत नसे, ठरलेला बेत टिकत नसे, आणि दारी आलेला मनुष्य मात्र टिकून राही. लक्ष्मीबाई आपल्या इथल्याच, जलालपूरच्या. म्हणजे फुलांची कविता ही भरल्या घरातून आलेली नव्हती. एवढे कळूनही आमचा राग पुरता गेला नाही. तो गेला मांडवात.

2003 सालच्या पावसाळ्यात एका कारखान्यात टाळेबंदी झाली. नाव सांगत नाही. आता तिथे दुसराच धंदा आहे. गेटसमोर, रस्त्याच्या कडेला, चार बांबू आणि ताडपत्री असा मांडव घालून आम्ही 53 दिवस काढले. शेजारून नाला, नाल्यावर वाकलेली एक बाभूळ. चूल तीन विटांची. पहिले आठ दिवस घोषणा झाल्या, पत्रकार आले. मग कोणी येईना. मनुष्याला रिकामा वेळ मिळाला की तो वर पाहतो. आम्ही वर पाहिले, तर बाभळीवर सुगरणीची घरटी चालली होती.

आमच्यात सुरगाण्याकडचा एक गडी होता. अकरा वर्षे आमच्या शेजारच्या मशीनवर, पण त्याच्याशी आमचे बोलणे काय, तर जॉब किती झाले आणि टूल कुठे ठेवले. मांडवात कळले की याला आवाजावरून पाखरू ओळखता येते. त्याने सांगितले, घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की मादी येऊन पाहून जाते. तिला पसंत पडले तर पुढचे काम, नाहीतर ते तसेच सोडून गडी दुसरे विणायला घेतो. आमचे लोक पोट धरून हसले. "म्हणजे इथेही इन्स्पेक्शन आणि रिजेक्शन!" त्या दिवसापासून सकाळी उठल्याबरोबर कोणाचे घरटे पास झाले, याची चौकशी होऊ लागली. घरी डाळीला पैसे नव्हते, एकाने बायकोची पोत गहाण टाकली होती, आणि आम्ही चाळीस माणसे पाखरांचा हिशेब ठेवीत होतो. हे वेडेपण होते असे आम्हांला आजही वाटत नाही.

रात्री कंदिलाशी आम्ही ईयोबाचे पुस्तक वाचीत असू. प्रथम एकट्याने, मग कोणी म्हणाले, मोठ्याने वाचा. ईयोबाची गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगभर गळवे झाली. मित्र येऊन सांगतात, तुझेच काही चुकले असेल. ईयोब ऐकत नाही. तो थेट देवापुढे आपली फिर्याद मांडतो. आमच्या भाषेत सांगायचे तर मागणीपत्रक सादर करतो. आणि शेवटी देवाचे उत्तर येते. त्यात भरपाईचा शब्द नाही. देव वादळातून त्याला विचारतो, रानशेळ्या कधी वितात हे तुला ठाऊक आहे काय? कावळ्याच्या पिलांना चारा कोण देतो? जिथे मनुष्यवस्ती नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो? आम्ही पुस्तक मिटून म्हणालो, हे काय उत्तर झाले? मांडवात एक वडीलधारे गृहस्थ होते, खराद्यावरचे जुने कामगार. त्यांना सगळे मामा म्हणत. ते काही ख्रिस्ती नव्हेत. ते म्हणाले, "दादा, हा देव निदान वादळातून का होईना, बाहेर येऊन बोलला. आपले साहेब चाळीस दिवसांत गेटपर्यंत आलेले नाहीत."

त्या रात्री पाऊस फार झाला. ताडपत्रीत पाणी साचे ते आम्ही काठीने ढकलीत होतो, आणि मनुष्यवस्ती नसलेल्या रानावर पडणाऱ्या पावसाचा विचार डोक्यातून जाईना. कारखान्यात आम्ही ज्या वस्तूला हात लावतो ती कशाच्या तरी उपयोगाची असते, मोजलेली असते. हा पाऊस कोणाच्या उपयोगाचा? कोणाच्याच नाही, तरी तो पडतो आहे. भूकमळांचे वचन आम्ही पुन्हा काढून वाचले. तेव्हा लक्षात आले की त्याच ठिकाणी येशू पुढे म्हणतो, हे रानचे गवत आज आहे आणि उद्या भट्टीत जाणार. म्हणजे फूल मालकाच्या बाजूचे नव्हतेच. मालकाच्या जागी शलमोन आहे. फूल हे उद्याची शाश्वती नसलेल्या रोजंदाराचे आहे, आणि शोभा त्याची मोठी ठरविली आहे. इतकी वर्षे आम्ही वचनाचा पूर्वार्धच वाचून भांडत होतो.

टाळेबंदी सुटली. निम्मे लोक आत गेले, निम्म्यांनी हिशेब घेतला. सुरगाण्याचा गडी गावी गेला तो गेलाच. सुगरणीची पिले तेवढी वेळेवर उडाली.

मांडव मोडल्यावर आम्ही बायबल निराळ्या तऱ्हेने वाचू लागलो. निर्गमाच्या पुस्तकात मोशे आणि अहरोन फारोपुढे उभे राहतात, तेव्हा त्यांची पहिली मागणी काय आहे? पगारवाढ नव्हे. रानात तीन दिवसांच्या वाटेवर जाऊन आम्हांला आपल्या देवाची उपासना करू द्या, एवढीच मागणी आहे. तीन दिवसांची रजा! फारोचे उत्तरही ओळखीचे वाटेल. तो म्हणतो, हे लोक आळशी झाले आहेत. यांना विटांसाठी काड देणे बंद करा, काड यांनीच गोळा करावी, आणि विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरली पाहिजे. पुढे हेच लोक सुटले, तेव्हा त्यांना एक सण लावून दिला. मांडवांचा सण. वर्षातून सात दिवस पक्क्या घरातून निघून झाडांच्या डहाळ्यांच्या मांडवात राहायचे, आपण मिसरातून निघालो तेव्हा असेच राहात होतो याची आठवण म्हणून. त्या मांडवाची भिंत वाऱ्याला अडवीत नाही, आणि आमच्या ताडपत्रीप्रमाणे तिथेही रात्रीचे आभाळ दिसत असणार.

अंजनेरीचे शिबिर यातून निघाले. दर जानेवारीत तीन दिवस, कामगारांची मुले, थोडी आमच्या मंडळीतली, पुष्कळशी इतर. एका शेतकऱ्याचे वावर मागून घेतो. ध्वनिक्षेपक नाही, आचारी नाही. पाणी मुलांनी आणायचे. पहाटे ज्याला प्रार्थनेला बसायचे तो बसतो, ज्याला नको तो चूल पेटवतो. पहिल्या वर्षी आमच्याच मंडळीतले एक वडील म्हणाले, ही सहल आहे, उपासना नव्हे. आणि गावात कुजबूज झाली की हे लोक धर्मांतराला आले आहेत. दुसऱ्या रात्री गावचे एक म्हातारे बाबा घोंगडी पांघरून चुलीपाशी येऊन बसले.

"कशापायी आलात?"

आम्ही म्हणालो, "बाबा, चांदण्या बघायला."

"नाशकात नाहीत व्हय?"

"असतात, पण दिव्यांपायी दिसत नाहीत."

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी काठी वर करून मुलांना तीन चांदण्या दाखविल्या. "ते तिकांडं." आम्ही सांगितले, आमच्या पुस्तकात देव ईयोबाला याच मृगाविषयी विचारतो, कृत्तिकांविषयीही विचारतो. बाबा म्हणाले, "विचारणारच की. शेतकरी असंल तो." कुजबूज तिथेच थांबली असे नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून दुधाची चरवी आली.

अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे. ती शास्त्रज्ञांनी याच शतकात प्रथम नोंदविली आणि तिला नावही अंजनेरीचेच दिले. हे डोंगरावरचे रान शासनाने 2017 साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. ते फूल पावसाळ्यात येते. आमच्या शिबिरात ते कधीही दिसत नाही. तेव्हा त्याचा कंद जमिनीत निजलेला असतो. मुले विचारतात, मग दाखवता काय? आम्ही नुसती जमीन दाखवतो. इथे पाय जपून टाका, एवढे सांगतो.

आता मूळ अडचणीकडे येतो. मुले येतात, त्यांचे थोरले भाऊ येत नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली आणि 1890 साली ती मिळाली. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडले होते. इंग्रजांचा उपासनेचा दिवस आणि आमच्या खंडोबाचा दिवस एकाच मागणीत बसले, याचे आम्हांला फार कौतुक वाटते. पण आज ठेक्यावरच्या पोराला विचारा. सुटी घेतली की रोज गेला. तीन दिवस घेतले की जागा गेली. फारोला आता काड बंद करावी लागत नाही.

यंदा एक असा पोरगा आला. रात्रपाळी करून, मोटारसायकलवर, डोळे लाल. दुसऱ्याच दिवशी त्याला कामावर परत जायचे होते. मुले डोंगर चढायला निघाली, तो आंब्याखाली आडवा झाला आणि झोपला. दुपार झाली. मुले परतली, जेवली, आरडाओरडा झाला, तरी तो उठला नाही. एक स्वयंसेवक म्हणाला, उठवतो, म्हणजे निदान धबधब्याची जागा तरी पाहील. आम्ही म्हणालो, राहू द्या. त्याची भाकरी फडक्यात बांधून आंब्याच्या फांदीला लावून ठेवली. ऊन सरकले तशी दोन पोरांनी त्याच्यावर चादर धरली, आळीपाळीने, सूर्य मावळेपर्यंत.