माणसे सांभाळण्याचा पेशा
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



निकाल लागले की पालक आम्हा शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "सर, याला आता कुठे घालू?" गुण चांगले असले तर डॉक्टर किंवा इंजिनिअर, कमी असले तर आय.टी.आय. किंवा वडिलांचे दुकान, एवढ्यावर आपला विचार थांबतो. बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना कोणती वाट आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांतील एका वाटेविषयी आज बोलतो. जुने लोक तिला लेबर ऑफिसरची नोकरी म्हणत. आता मनुष्यबळ अधिकारी किंवा नुसते एच.आर. म्हणतात.

हिंगणघाट हे कापसाचे आणि गिरण्यांचे गाव. भोंग्यावर घरची घड्याळे लावणाऱ्या पिढ्या येथे होऊन गेल्या. कामावर कोणाला घ्यायचे, हजेरी कशी मांडायची, पगारातून किती कापायचे, यंत्रात बोट सापडले तर पुढे काय करायचे, हे प्रश्न आपल्याला ऐकून माहीत आहेत. ते न्यायाने सोडवणे हाच या अधिकाऱ्याचा पेशा होय.

याचा एक जुना दाखला आपल्या शेजारीच, नागपुरात आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. आता ती बंद झाली आहे. कामगारांची गैरहजेरी फार, ही तेथली मोठी अडचण होती. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी नुसत्या दंडावर भर दिला नाही. त्यांनी बक्षिसे ठेवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी हे घडले.

सर्वत्र मात्र असे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत नोकरी जॉबरच्या हातात असे आणि त्याचा हात ओला केल्याशिवाय काम मिळणे कठीण होते. म्हणून १९३१ मध्ये शाही कामगार आयोगाने लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी आवश्यक ठरवला. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या संहितेत हा आकडा अडीचशेवर आणला आहे.

आता एक कडू गोष्ट. ती मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा दलित नावांना बोलावणे कमी आले आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी.

हे ऐकून काही पालक म्हणतील, "मग शिकवून उपयोग काय?" मला उलट वाटते. त्या अर्जांचा गठ्ठा कोणीतरी उघडतो, कोणते अर्ज वर ठेवायचे ते कोणीतरी ठरवतो. त्या टेबलाशी आपलीही मुले असली पाहिजेत. आपल्या माणसांना आत घेण्यासाठी नव्हे. तसे केले तर जॉबरमध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला? नाव झाकून पात्रता वाचणारा माणूस तेथे हवा. पद ही अमानत आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. मजुराची मजुरी अडवू नये, ही तर पैगंबरसाहेबांची शिकवणच आहे.

हे काम सोपे नाही. मालक म्हणतो हा कामगारांचा, कामगार म्हणतात हा मालकाचा. नेमणुकीचे पत्र जसे याच्या सहीने जाते, तसेच कामावरून कमी केल्याचेही जाते. म्हणून कायद्याचे ज्ञान हवे, हिशेब चोख हवा आणि ऐकून घेण्याची सवय हवी. घरात उर्दू, गावात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना माणसांशी बोलण्याचे भांडवल आयतेच मिळालेले आहे.

कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत एम.एस.डब्ल्यू. किंवा एम.बी.ए. करता येते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झाली, म्हणजे आपल्याच लोकांच्या मोहल्ल्यात; पण तिचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? परळला कामगार चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची सरकारी श्रम विज्ञान संस्थाही आहे.

मुलींच्या पालकांना वेगळे सांगतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी आणि तिच्या अध्यक्षस्थानी स्त्रीच हवी. अशा ठिकाणी शिकलेली, कायदा जाणणारी मुलगी किती जणींचा आधार होईल, याचा विचार करा.

शेवटची विनंती व्यापारी बंधूंना. आपल्या दुकानात, गॅरेजमध्ये, बेकरीत दोन-चार पोरे राबतात. त्यांची हजेरी लिहिली जाते का? पगाराची तारीख ठरलेली आहे का? सुटीच्या दिवसांत ही वही आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. या पेशाचा पहिला धडा त्यांना घरीच मिळेल आणि त्या पोरांनाही त्यांचा हक्क मिळेल.