‘अमावास्या’ : एका शब्दाचा मागोवा



मराठीच्या प्राध्यापकाने पंचांगावर बोलावे हा थोडा आगाऊपणाच आहे. परंतु मला बोलावयाचे आहे ते तिथीच्या गणितावर नव्हे, तिच्या नावावर. आणि त्याला निमित्त घरचेच आहे.

२०२२ सालच्या जुलैत आमच्या नव्या सूनबाईने श्रावणी सोमवारचा उपवास धरला. ती हिंदीभाषी घरातली. माझ्या आईने भिंतीवरची मराठी दिनदर्शिका पाहिली आणि म्हटले, “अगं, अजून आषाढ सरला नाही. हा उपवास देवाच्या पायी रुजू कसा व्हायचा?” मुलीचा चेहरा उतरला. “आमच्याकडे तर सावन लागला, आजी,” एवढेच ती म्हणाली. दोघींनी माझ्याकडे पाहिले. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

वाद होता अमावास्येचा. आपला महिना तिच्यावर संपतो, म्हणून तो अमान्त. भोपाळातील आपल्या शेजाऱ्यांचा पौर्णिमेला संपतो, म्हणून पूर्णिमान्त. शुक्ल पक्षात दोन्हींकडे महिन्याचे नाव एकच असते. कृष्ण पक्षात त्यांचे नाव एक महिना पुढे जाते. आपली महाशिवरात्र माघातली, त्यांची फाल्गुनातली. रात्र मात्र एकच.

आता शब्दाकडे वळू. ‘अमावास्या’ म्हणताच आपल्याला काळोख आठवतो, भूतपिशाच्चे आठवतात, प्रवास पुढे ढकलला जातो. शब्दात यातले काहीही नाही. ‘अमा’ हे वैदिक अव्यय. त्याचे अर्थ ‘घरी’ आणि ‘सोबत’. त्यापुढे ‘वस्’ म्हणजे राहणे हा धातू. सूर्य आणि चंद्र जिच्यात एकत्र राहतात ती अमावास्या. याच ‘अमा’पासून ‘अमात्य’ हा शब्द झाला. अमात्य म्हणजे मुळात एका घरात राहणारा, सोबतचा माणूस. मंत्री हा अर्थ नंतरचा. अष्टप्रधानांतले अमात्य आणि अवसेची रात्र ही सख्खी भावंडे आहेत, हे मला स्वतःला फार उशिरा कळले. पाणिनीने ‘अमावस्या’ आणि ‘अमावास्या’ ही दोन्ही रूपे मान्य केली आहेत. तेव्हा एका कान्यावरून विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्यांनी (त्यांत मीही होतो) जरा सबुरीने घ्यावे.

मग खरा श्रावण कोणता? तैत्तिरीय संहितेत दोन्ही रीतींच्या खुणा आढळतात, शं. बा. दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात जिज्ञासूंनी हा विषय पाहावा. गंमत अशी की, उत्तरेकडील पंचांगांत अमावास्या महिन्याच्या मधोमध येते, तरी तिचा आकडा ३० च असतो. अधिक मासही तेथे अमान्तच. २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण दोन्हींकडे एकच होता. उलट आपल्या अमान्त महिन्यांची नावे पडली आहेत ती पौर्णिमेच्या नक्षत्रांवरून : चित्रेवरून चैत्र, श्रवणावरून श्रावण. एकमेकांचे थोडेथोडे दोघांनीही घरात ठेवून घेतलेले आहे.

हे प्रत्यक्ष पाहावयाचे तर आपल्या जवळच्या उज्जैनला जावे. महाकाल मंदिराची आजची वास्तू अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारली. तेथील सोमवारच्या सवाऱ्या हिंदी सावनात सुरू होतात आणि भादोंच्या कृष्ण पक्षातही, म्हणजे आपला श्रावण सरेपर्यंत, निघत राहतात. २०२२ साली १८ जुलै ते २२ ऑगस्ट अशा त्या सहा होत्या.

उज्जैनचा हा दाखला मी आईपुढे ठेवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेला हाक मारून म्हणाली, “तुझे चार, माझे चार, त्यांतले दोन एकच. सहा धरू या.” त्या पावसाळ्यात आमच्या घरी सहा सोमवार झाले, आणि साबुदाणा मला दोनदा आणावा लागला.