हाताचं काम आणि दहावीची परीक्षा

(आखाडा बाळापूर येथे संस्थेच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



मला वसतिगृहाचा वार्षिक अहवाल वाचायला सांगितलं होतं. तो छापून तुमच्या हातात दिलाच आहे, पंख्याच्या वाऱ्यासाठी त्याचा उपयोग सुरूही झालेला दिसतो. म्हणून मी तो वाचत नाही. पुढच्या महिन्यात कमिटीपुढे एक प्रस्ताव येणार आहे, त्यावर बोलते. पैसा तुमचा आहे आणि लेकरं आपल्या सगळ्यांची आहेत.

प्रस्ताव असा, की वसतिगृहाच्या जोडीला आपलं स्वतःचं हायस्कूल काढावं आणि ते नेहमीसारखं नसावं. आठवीनंतर थेट धंदेशिक्षण: वेल्डिंग, वायरिंग, शिवणकाम, मोटारसायकल दुरुस्ती. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या एका हितचिंतक भगिनीनं हे सुचवलं. तिकडे करिअरवर भर देणारी चार्टर हायस्कुलं आहेत, मुलं शाळेतूनच कामाला लागतात, असं त्यांनी मोठ्या कळकळीनं लिहिलंय. पत्र वाचून आमच्यातले बरेच जण लगेच हो म्हणाले. मीही म्हणाले असते. सहा वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं, म्हणून थांबले.

आपल्या वसतिगृहात कळमनुरी तालुक्यातल्या एका वाडीचा मुलगा होता. आंध समाजाचा, आई-वडील दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. शाळेत उशिरा आलेला, त्यामुळे आठवीला पंधरा वर्षांचा होता. गणितात कच्चा, पण हात असे की वसतिगृहाचं मोडकं दार, हापशाचा दांडा, माझी स्कुटी, सगळं तोच नीट करायचा. मी त्याच्या वडिलांना सांगितलं, "बाबा, याला नववी-दहावीत कशाला अडकवता? वेल्डरच्या ट्रेडला आठवी पास चालतं. वर्षभरात कमावता होईल." वडिलांनी एवढंच विचारलं, "ताई, तुमच्या पोराला बी असंच सांगितलं असतं का?" मी हसून विषय बदलला.

मुलगा आयटीआय झाला, गावाकडे दुकानात राबला, मग चाकणला गेला. कमावतो, घरी पैसे पाठवतो. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? गेल्या दिवाळीत तो आला आणि म्हणाला, "ताई, रेल्वेच्या जागा निघाल्या होत्या. सहायक लोको पायलटच्या. माझ्याबरोबरच्या दोघांनी फॉर्म भरला. मला भरता आला नाही." त्या जागेला आयटीआय लागतं, आणि त्याच्या आधी दहावी लागते. त्याच्याकडे दहावी नव्हती. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायचं म्हटलं तरी दहावी लागते. ज्या ट्रेडला आठवी पुरते ते सगळे चांगले, कष्टाचे, उपयोगाचे. पण पुढच्या बऱ्याचशा दारांवर दहावीचं कुलूप आहे. ते मला ठाऊक असायला हवं होतं. बिचाऱ्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्हाला वाटेल मी धंदेशिक्षणाच्या विरोधात आहे.

त्याच वर्षी आपल्याच वसतिगृहातली एक मुलगी नेहमीच्या हायस्कूलमधून दहावी झाली, मग बारावी कला शाखा. गुणपत्रिका लॅमिनेट करून घरात ठेवली आणि दोन हंगाम आईबरोबर ऊस तोडायला गेली. पाच वर्षांत तिला कोणी मोजपट्टीनं जमीन मोजायला शिकवलं नव्हतं, रक्तदाब कसा घेतात ते दाखवलं नव्हतं, बँकेचा फॉर्म भरून घेतला नव्हता. निबंध मात्र उत्तम. परंपरागत हायस्कूलचा दोष हाच आहे: शिकलेलं कशासाठी, ते शाळा सांगतच नाही. पण पुढचंही ऐका. मागच्या वर्षी तिला कळलं की एएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते. तिनं अर्ज केला, आज ती शिकतेय. बारावी होती म्हणून दोन वर्षांनंतरही दार उघडलं.

अमेरिकेतल्या शाळांविषयीही नीट समजून घेऊ. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर, पण कराराने स्वतंत्रपणे चालवलेली शाळा. त्याचा पहिला कायदा 1991 मध्ये मिनेसोटा राज्यात झाला. आपल्या अनुदानित संस्थांची चुलत बहीण म्हणा. चार्टर म्हटलं की धंदेशिक्षण असा अर्थ होत नाही. काही शाळा तसं शिकवतात, पुष्कळ शिकवत नाहीत. तिथे करिअर अकॅडमी नावाचा आणखी एक प्रकार आहे. मोठ्या हायस्कूलच्या आतच दीडदोनशे मुलांचा गट करायचा, त्यांना एखाद्या क्षेत्राची ओळख द्यायची, आरोग्य, वित्त, इलेक्ट्रॉनिक्स असं काही, आणि स्थानिक कंपन्यांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव. यावर फार चांगला अभ्यास झालाय. नऊ हायस्कुलांत इच्छुक मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली आणि निवड झालेली व न झालेली, अशा दोन्ही मुलांचा शाळा संपल्यावर आठ वर्षं माग ठेवला. 2008 मध्ये निष्कर्ष आले. अकॅडमीत निवडलेल्यांची वार्षिक कमाई सरासरी 11 टक्क्यांनी जास्त होती. मुलग्यांत फरक मोठा, मुलींच्या बाबतीत तो ठामपणे दिसला नाही. पुढचं शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलंही नाही आणि घटलंही नाही.

ते घटलं नाही, हे माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं. कारण या अकॅडमीत गणित, विज्ञान, भाषा काढून टाकलेली नव्हती. सगळ्यांसारखीच परीक्षा आणि त्याच्या जोडीला काम. आपल्या प्रस्तावात मात्र दहावीच गायब आहे.

पण आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचं कारण काय? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हा माणूस अमेरिकेतून पीएचडी करून आलेला, मोठ्या कंपनीत संशोधन करणारा, आणि गेला कुठे तर दुष्काळी खेड्यात. त्यांनी गावच्या हायस्कुलात आठवी ते दहावीला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आणला. आठवड्यातला एक दिवस हातानं काम. चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही करायचे. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाक करतो. आणि नुसतं करायचं नाही, तर माप घ्यायचं, चित्र काढायचं, किती पत्रा लागेल, किती खर्च येईल ते वहीत मांडायचं, गावातल्या कुणाचं तरी खरं काम करून द्यायचं. बाकीचे दिवस नेहमीची शाळा. शेवटी सगळ्यांबरोबर दहावी. हा विषय पुढे राज्यातल्या कितीतरी शाळांत गेला.

माझ्या त्या मुलाला गणित आवडत नव्हतं असं आम्ही समजत होतो. त्याला कुणी गेटचा कर्ण मोजायला सांगून पायथागोरसचं प्रमेय शिकवलंच नव्हतं. आज तो रोज ते वापरतो. नाव माहीत नाही, इतकंच.

आपल्या ख्रिस्ती लोकांना तर हे नवं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात विणकाम, शेती, छापखाना सगळं शिकवलं. त्यांचं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. अक्षर वाचायला शिकल्याशिवाय खिळे जुळवता येत नाहीत.

जाताजाता एक. औंढ्याजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया उभी राहणार आहे, गुरुत्वीय लहरी शोधणारी वेधशाळा. 2023 मध्ये केंद्र सरकारनं 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत हवासुद्धा नाही अशी पोकळी. आपल्याच जिल्ह्यात! तिथे वेल्डरही लागणार, तंत्रज्ञही लागणार, शास्त्रज्ञही लागणार. आपल्या वसतिगृहातलं कुठलं लेकरू यातलं काय होणार, हे त्याच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी आपण कमिटीत बसून ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून माझी दुरुस्ती अशी. नवं हायस्कूल नको. मुलं आता जातात त्याच हायस्कुलात जाऊ द्या, दहावीपर्यंत एकही गळू देऊ नका. नववी-दहावीच्या गणित आणि इंग्रजीला संध्याकाळी शिकवायला दोन शिक्षक द्या. इमारतीसाठी जो पैसा ठेवलाय त्यातून वसतिगृहामागच्या शेडला सिमेंटचा कोबा, एक वेल्डिंग मशीन, दोन शिलाई मशीन आणि वायरिंगचे बोर्ड घ्या, शनिवार हातकामाचा. शेतीसाठी तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, विचारायला तर पैसे पडत नाहीत. दहावी झाल्यावर ज्याला आयटीआय हवं तो आयटीआयला जाईल, आणि तेव्हा त्याच्यापुढे सगळे ट्रेड असतील.

तो मुलगा आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतोय. चाकणची शिफ्ट करून रात्री बीजगणित करतो आणि अडलं की मला व्हिडिओ कॉल लावतो. मलाही ते येत नाही, मग आम्ही दोघं मिळून पुस्तक उघडतो. शेड झाली तर मेच्या सुट्टीत येऊन पोरांना शिकवायला तो तयार आहे. फक्त म्हणाला, "ताई, आधी विजेचं कनेक्शन वाढवून घ्या, नाहीतर मशीन लावलं की अख्ख्या वसतिगृहाचे दिवे जातील."