ऐतिहासिक नगरी आणि विद्यार्थ्यांची रहस्यकथा
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या ऐतिहासिक स्थळावर निबंध लिहावयास सांगितला म्हणजे वर्गात काय घडते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. चाळीस वह्यांतून एकच निबंध हाती येतो. 'आमच्या गावाला फार प्राचीन इतिहास आहे' हे पहिले वाक्य आणि 'आपण हा वारसा जपला पाहिजे' हे शेवटचे. मधला मजकूर मार्गदर्शिकेतून उतरविलेला असतो. विद्यार्थी किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो, पण निबंधात किल्ला दिसत नाही. हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नाही. निबंधासाठी त्याला काही शोधावे लागत नाही, म्हणून तो काही पाहतही नाही.

त्याच विद्यार्थ्यास आपल्या नगरीत घडणारी एक रहस्यकथा लिहावयास सांगितली, तर परिस्थिती पालटते. रहस्यकथेत प्रत्येक वस्तूला कारण द्यावे लागते. दार उघडे का होते, दिवा कोणी विझविला, कागदावर अमुकच शब्द का आला, यांची उत्तरे लेखकापाशी असावी लागतात. ती उतरवून घेता येत नाहीत. त्यासाठी वेशीपर्यंत चालत जावे लागते, पायऱ्या मोजाव्या लागतात, वृद्धांना विचारावे लागते आणि ऐकलेले पारखून घ्यावे लागते. पुराव्यावाचून निष्कर्ष काढावयाचा नाही, ही शिस्त रहस्यकथा हसतखेळत अंगी बाणविते. या उपक्रमाचे खरे मोल तेथेच आहे.

रहस्यकथेची परंपरा

रहस्यकथेकडे काहीशा उपेक्षेने पाहण्याची प्रथा शाळांतून होती. तथापि मराठी वाचक घडविण्यात या प्रकाराचा वाटा मोठा आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड ही नावे घरोघरी पोहोचविली. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला पुण्यातील शाळेत आणले आणि शहरातील रस्ते, वाडे व मैदाने यांना साहसकथेत स्थान दिले.

ऐतिहासिक नगरीचा उपयोग रहस्यासाठी कसा करावा, याचा वस्तुपाठ सत्यजित राय यांनी घालून दिला. त्यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा लखनौ, जैसलमेर अशा ठिकाणी घडतात. 'कैलाशे केलेंकारी' ही १९७३ मधील कथा तर वेरूळच्या लेण्यांत घडते. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीच्या मूर्तीचे शिर चोरीस जाते आणि त्याचा माग कैलास लेण्यापर्यंत येतो. पुराणवस्तूंच्या व्यापाराला आळा घालणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, संमत झाला होता. देशापुढील एक गंभीर प्रश्न रायांनी किशोरवयीन वाचकांपर्यंत कथेच्या द्वारे नेला. या कथांचे मराठी अनुवाद उपलब्ध असल्याने वर्गात त्यांचे वाचन सहज करता येईल.

इंग्लंडमध्ये एलिस पीटर्स या लेखिकेने १९७७ पासून श्रूजबरी या गावातील बाराव्या शतकातील मठ निवडून वीस कादंबऱ्या लिहिल्या. तिचा नायक कॅडफेल हा मठातील औषधी बागेचा जाणता आहे आणि वनस्पतींच्या ज्ञानातून तो गुन्ह्याची उकल करतो. स्थळ, काळ आणि नायकाचा व्यवसाय यांतूनच पुरावा निघतो, हे या कादंबऱ्यांचे वैशिष्ट्य होय. हेच सूत्र आपल्या शाळांतूनही चालविता येईल.

एक नमुना : जुन्नर

उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील जुन्नर घ्यावे. सातवाहनांच्या काळापासून हे व्यापारी केंद्र आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता उभारली, तेव्हा जुन्नर हेच त्याचे मुख्य ठाणे होते. शेजारच्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवछत्रपतींचा जन्म झाला. एवढे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. रहस्यकथेच्या लेखकाने याहून बारीक पाहावयाचे आहे.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कल्याण बंदरातून येणारा माल या वाटेने देशावर चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण यांची मोजदाद आकड्यांनिशी कोरलेली आहे. कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये या लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये येथील अंकांवर प्रकाश टाकला. त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज प्रतिमा नाहीत, त्यांच्या माथ्यावर कोरलेली नावे मात्र शिल्लक आहेत. नावे राहिली आणि माणसे नाहीशी झाली! याहून उत्तम रहस्यारंभ कोणत्या लेखकास सुचणार?

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे सर्वत्र सांगितले जाते. विद्यार्थ्यांनी ही समजूत तपासून पाहावी. रांजणाचा घेर व खोली मोजावी. त्यात किती नाणी मावतील, ती बाहेर कशी काढीत असतील, राखण कोण करीत असेल, हाच रांजण पाण्यासाठी असेल तर काय दिसावयास हवे, असे प्रश्न लिहून काढावेत. निश्चित उत्तर मिळालेच पाहिजे असे नाही. 'सांगतात' आणि 'सिद्ध झाले आहे' यांतील अंतर कळले तरी एक तासिका सार्थकी लागली असे समजावे.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोनशे शैलगृहे आहेत. त्यांतील काही लेखांत दाते म्हणून यवनांची नावे येतात. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याच्या दोन पोढी दान दिल्या, असा लेख शिवनेरीच्या लेण्यांत आहे. परदेशी वंशाचा म्हणवला जाणारा मनुष्य सह्याद्रीच्या या डोंगरात पाण्याचे टाके का खोदवितो? या एका प्रश्नातून व्यापार, धर्म आणि प्रवास यांचा इतिहास उलगडू लागतो.

उकल आधी, कथा नंतर

रहस्यकथा शिकविताना एक नियम सुरुवातीसच सांगावा. कथा शेवटापासून रचावयाची असते. काय घडले, कोणी घडविले, का घडविले आणि कोणत्या खुणा मागे राहिल्या, या चार प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने आधी एका पानावर लिहावीत. त्यानंतरच पहिले वाक्य लिहावे. हे पान ज्याच्यापाशी नाही, त्याची कथा तिसऱ्या प्रकरणात अडते आणि मग लेखक भुयार, भूत किंवा स्वप्न यांना शरण जातो.

जुन्नरचाच आधार घेऊन एक काल्पनिक कथासूत्र पाहू. जुन्या पेठेतील एका सामाईक विहिरीवरून दोन घरांत वाद आहे. एका घरातून अचानक एक मोडी कागद पुढे येतो. विहीर त्या घराच्या पूर्वजाला इनाम मिळाली, असे त्यात लिहिलेले आहे. मिती श्रावणातील, शके १६७२. त्याखाली शुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ' असा आहे. कागद खरा की बनावट, हे आठवीतील एक मुलगी शोधून काढते.

शुहूर सनात संख्या अरबी शब्दांनी लिहीत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११६१. आता पडताळा घ्यावा. शके १६७२ मध्ये ७८ मिळविले की श्रावणासाठी इसवी सन १७५० येतो. शुहूर वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून पावसाळ्यातील मितीसाठी त्यात ५९९ मिळवावे लागतात. ११६१ मध्ये ५९९ मिळविले तर १७६० येते. दोन्ही कालगणनांत दहा वर्षांचे अंतर पडले! कागद खरा असता तर तेथे 'सितैन' ऐवजी 'खमसैन', म्हणजे पन्नास, हा शब्द असावयास हवा होता. सारे रहस्य एका शब्दात आहे.

येथे शिक्षकाने विद्यार्थ्यांना थांबवावे. खऱ्या कारकुनाच्या हातूनही चूक होऊ शकते. एक विसंगती म्हणजे संशय. तिला स्वतंत्र अशा दुसऱ्या पुराव्याची जोड मिळाली, तरच निष्कर्षाकडे वळता येते. म्हणून दुसरी खूण पेरावी लागते. जुन्नर हातकागदासाठी प्रसिद्ध होते आणि जुन्नरी कागद दप्तरांतून वापरला जात असे. कथेतील मुलगी तो कागद उजेडासमोर धरते, तेव्हा त्यात एका गिरणीचे जलचिन्ह दिसते. शिवाय अक्षर बोरूचे नसून पोलादी टाकाचे आहे. आता मात्र बनावटपणा सिद्ध झाला. गणित, भाषा, इतिहास आणि हस्तव्यवसाय हे चार विषय एका कथेत एकत्र आले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

वर्गातील कार्यक्रम

आठवी-नववीच्या वर्गासाठी सहा तासिका पुरेशा आहेत. पहिल्या तासिकेत एक चांगली रहस्यकथा वाचून तिच्यातील खुणांची यादी करावी. दुसरी तासिका गावात घ्यावी. प्रत्येक गटाने दहा निरीक्षणे वहीत नोंदवावीत, त्यांत किमान तीन मोजमापे असावीत. तिसरीत उकलीचे पान लिहावे. चौथीत पात्रे व संशयित ठरवावेत. तीन संशयित पुरतात. पाचवीत लेखन आणि सहावीत अदलाबदल करून वाचन. वाचणाऱ्याने शेवटच्या पानापूर्वी थांबून आपला तर्क लिहावा. तो अगदी सहज जुळला, तर खुणा फार ठळक होत्या. शेवट वाचूनही पटला नाही, तर लेखकाने खूण लपवून वाचकाची फसवणूक केली. गुणदानाचा हा निकष विद्यार्थ्यांना तत्काळ समजतो.

खून असलाच पाहिजे, असा आग्रह नसावा. हरवलेली घंटा, बदललेला शिलालेख, आटलेले टाके, दप्तरातून गेलेले पान, यांतून उत्तम रहस्य उभे राहते.

काही पथ्ये

या उपक्रमात एक धोका आहे आणि तो स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ऐतिहासिक स्थळाची रहस्यकथा म्हटली की मुलांच्या मनात पहिला शब्द येतो तो गुप्तधनाचा. गुप्तधनाच्या कथा निरुपद्रवी नाहीत. त्यांच्या नादाने किल्ल्यांच्या भिंती पोखरल्या जातात, मूर्तींची आसने उखडली जातात आणि क्वचित अघोरी कृत्यांपर्यंत मजल जाते. म्हणूनच राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अमानुष कृत्यांचा उल्लेख करावा लागला. संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली, २०१० च्या सुधारणेनंतर, दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जमिनीत निधी सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. कथेत हंडा सापडलाच, तर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो हेही कथेत यावे. खोदणारा मनुष्य कथेचा नायक नसावा. खोदण्यापासून रोखणारा असावा.

दुसरे पथ्य माणसांविषयीचे. गावातील हयात कुटुंबांची नावे कथेत येऊ नयेत. एखादी जात, धर्म किंवा जमात गुन्हेगार म्हणून रंगविली जाऊ नये. इतिहासातील थोर व्यक्तींच्या तोंडी कल्पित कारस्थाने घालू नयेत. कल्पित पात्रे हवी तितकी घ्यावीत. कथेच्या अखेरीस विद्यार्थ्याने अर्ध्या पानात 'खरे काय, कल्पित काय' हे लिहून द्यावे. आज रचलेली गोष्ट उद्या दंतकथा म्हणून फिरू नये, यासाठी हे अर्धे पान आवश्यक आहे.

पंचायतींचा वाटा

या कामात पंचायतींना फार खर्च नाही. मुलांच्या फेरीसोबत एक जाणता सदस्य द्यावा. विहिरी, वेशी, वीरगळ, शिलालेख यांची स्थाननिहाय नोंद मुलांकडून करवून घेऊन तिची प्रत कार्यालयात ठेवावी. चांगल्या कथांचे वाचन ग्रामसभेच्या दिवशी किंवा वाचनालयात व्हावे. ज्या वीरगळावर आजवर कपडे वाळत घातले जात होते, तो कथेतील पुरावा ठरला, की त्याच्याकडे पाहण्याची गावाची दृष्टी बदलू लागते.

महाराष्ट्रात जुन्नर एकच नाही. पैठण, वाई, चौल, नाशिक, करवीर अशा किती तरी नगरींच्या भिंतींवर अजून न वाचलेल्या खुणा आहेत. सर्वच विद्यार्थी पुढे लेखक होणार नाहीत, इतिहाससंशोधक तर त्याहून थोडे. परंतु उद्या त्यांच्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी सरपंच, कोणी न्यायाधीश. समोर आलेला कागद उजेडासमोर धरून पाहण्याची सवय त्या सर्वांच्या उपयोगी पडणार आहे. ही सवय लावण्याचे काम शाळेने हाती घ्यावे आणि गावाने तिला साथ द्यावी.