कर्ज खेळाला की कामाला?

 

आमच्या बचत गटाच्या मागच्या बैठकीत एका ताईंनी अर्ज ठेवला. मुलाच्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी साठ हजारांचं कर्ज. एक काकू लगेच म्हणाल्या, "शेळ्यांना दिलं, शिलाई मशीनला दिलं. आता खेळायलाही द्यायचं का?" ताईंनी मान खाली घातली. आम्हाला ते बरं वाटलं नाही. नाही म्हणायच्या आधी समजून तरी घेऊ, म्हणून मुलालाच यादी घेऊन बोलावलं.

त्याने समजावलं आणि आम्ही ते आपल्या स्वयंपाकघरात बसवलं. प्रोसेसर म्हणजे रांधणारी बाई. रॅम म्हणजे ओटा. ओटा मोठा, तर एका वेळी जास्त कामं. एसएसडी म्हणजे फडताळ, सगळं साठवण्याची जागा. जुन्या हार्डडिस्कपेक्षा त्यातून वस्तू पटकन हाताशी येते. मदरबोर्ड सगळ्यांना जोडतो, पण इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसत नाही. म्हणून जोडी जुळवूनच घ्यायची. ग्राफिक्स कार्ड खेळातली चित्रं रंगवतं. यादीत सगळ्यात महाग तेच होतं.

मग आम्ही विचारलं, "बाळा, खेळाशिवाय यावर काय करणार?" तो म्हणाला, "व्हिडिओ एडिटिंग शिकतोय. लग्नाची, हळदीकुंकवाची शूटिंगं जोडून देईन." काकूंनी पुढचा प्रश्न टाकला, "कार्डाशिवाय सुरुवात होईल का?" होते! काही प्रोसेसरमध्ये चित्राची सोय आतच असते, उदाहरणार्थ रायझन ५६००जी. हलके खेळ आणि साधं एडिटिंग त्यावर चालतं. कार्ड मागाहून बसवता येतं.

एका ठिकाणी मात्र आम्ही काटकसर करू दिली नाही. ती म्हणजे पॉवर सप्लाय, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. त्याने यादीत बिननावाचा स्वस्त डबा लिहिला होता. तो बिघडला तर बाकीचे भागही जळू शकतात. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा आणि पुढे कार्ड बसलं तरी पुरेल एवढ्या वॅटचा घ्यायला लावला. सोबत यूपीएस. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही. यूपीएसमुळे काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. घरातलं अर्थिंग तपासायचं. विजा कडाडल्या की प्लग काढायचा, इंटरनेटची वायरसुद्धा.

आणि कॉम्प्युटर जमिनीवर ठेवायचा नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या घरादारांत शिरलं, ते आपण कुणी विसरलेलो नाही. धोक्याच्या जागी घर असेल तर पाऊस वाढताच मशीन माळ्यावर न्यायचं.

शेवटी ठरलं ते असं. पस्तीस हजार आत्ता, बिनकार्डाच्या मशीनसाठी. हप्ते वेळेवर फिटले, तर कार्डासाठी दुसरा अर्ज. प्रत्येक भागाचं पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद गटाच्या फाईलमध्ये.

पहिला हप्ता मुलाने स्वतः आणून दिला, एका बारशाच्या व्हिडिओच्या कमाईतून. आता काकू त्याला विचारतात, "आमच्या गटाचा हिशोब यावर बसेल का रे?"

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असा अर्ज येईल. लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. यादी मागा, आणि एकेका वस्तूपुढे विचारा, ही कशाला?