मुलाखतीत ‘मी घरीच असते’ म्हणू नका
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता कामासाठी बाहेर पडताहेत. कुणी सातपूर-अंबडला कंपनीत, कुणी सिन्नरजवळ माळेगावच्या एमआयडीसीत, कुणी दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. गावात ‘उमेद’ची सीआरपी किंवा बँक सखी व्हायचं तरी मुलाखत आलीच.

तिथं विचारतात, “आधी काय करत होता?” आपण पटकन म्हणतो, “काही नाही, घरीच असते.” झालं, अर्धी मुलाखत तिथंच गेली! अहो, दहा-बारा जणींचा गट चालवणं म्हणजे काहीच नाही का? नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री तुम्ही रोज पाळता. तेच सांगा. “मी तीन वर्षं गटाची सचिव आहे. इतिवृत्त आणि कर्जाचा हिशेब मी लिहिते, बँकेचे हप्ते वेळेवर भरलेत.” मात्र आकडे अंदाजाने सांगू नका. आदल्या दिवशी गटाची वही उघडा आणि खरे आकडे कागदावर लिहून घ्या.

दुसरं, कागदपत्रं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे आपल्या बहुतेकींचं दुखणं. पुढे पीएफच्या वेळी हेच अडतं. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून आधीच काढून ठेवा. मूळ कागद दाखवायला न्या, पण ठेवून येऊ नका. द्यायच्या त्या झेरॉक्स.

तिसरं, “मुलं लहान आहेत, कोण सांभाळणार?” हा प्रश्न पुरुषांना कुणी विचारत नाही, आपल्याला विचारतात. चिडू नका, रडगाणंही नको. “घरी सोय केली आहे, वेळेवर येईन,” एवढंच बोला. पण सोय खरंच करा. घरच्यांशी आधी बोला, संध्याकाळच्या परतीच्या एसटीची वेळ बघून ठेवा.

शेवटी ते म्हणतात, “तुम्हाला काही विचारायचंय?” मान हलवून उठू नका. पगार रोजावर की महिन्यावर? कापून हातात किती येणार? पीएफ, ईएसआय आहे का? पाळी कोणती, गाडीची सोय आहे का? हे विचारणं उद्धटपणा नाही. एकाच कामाला बाईला कमी पगार देणं कायद्यात बसत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, हा 2013 चा कायदा आहे.

आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. आधी गटात येऊन सांगा.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की अर्धा तास राखून ठेवा. दोघी-दोघी समोरासमोर बसा, एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. पहिल्यांदा हसू येईल, जीभ अडखळेल. ती आपल्याच बायकांत अडखळलेली बरी.