छापलेले सूर, न नोंदलेले हात

(शिरोळ येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्याच तालुक्यातल्या कुरुंदवाडला १८७२ साली पं. विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी दारूकामात डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे सुरू झाले. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. हे आपण ऐकलेले असते. मला आज बोलायचे आहे ते त्यांच्या छापखान्याबद्दल.

त्या काळी गाणे मिळे ते गुरूच्या घरी राहून. घरंदाज म्हणवणाऱ्या मुलीला ती वाट बंदच होती. ज्या कलावंतिणींनी गाणे जिवंत ठेवले, त्यांच्या वाट्याला बदनामी आली. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी केली, विद्यालयाचा छापखाना घातला, ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’, ‘महिला संगीत’ अशी पुस्तके काढली. युरोपात व्हिएन्नाच्या आर्तारिया कुटुंबाच्या पेढीने १७७८ पासून संगीत छापून विकले, ते तिथल्या घराघरांत वाजू लागले. आपल्याकडेही छापील पुस्तकामुळे गाणे माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आले.

पण या उद्योगाची दुसरी बाजू पाहा. विद्यालय, छापखाना आणि संसार वेगळे नव्हते. शिष्य तिथेच राहत, तिथेच जेवत. कर्ज वाढले आणि मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला. बारा मुलांपैकी एकटे दत्तात्रय, म्हणजे द. वि. पलुस्कर, जगले. १९३१ साली पंडितजी गेले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. अकरा मुले गमावलेल्या त्या आईचे नाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? पुस्तकावर लेखकाचे नाव असते, छापखान्याचे असते. घर सांभाळणाऱ्या हातांचे नसते.

हे जुने झाले म्हणू नका. नवऱ्याने टाकलेली बाई माझ्याकडे येते. “दुकानात काय करत होतीस?” विचारले की म्हणते, “काही नाही, घरचंच होतं.” मग कळते, वीस वर्षे गल्ल्यावर हीच बसत होती! परवान्यावर नाव दिराचे, बँकेत सही नवऱ्याची. पोटगी मागताना हातात एक कागद नाही.

मुलींना १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. पण सुनेच्या श्रमाची नोंद आपोआप होत नाही. म्हणून घरी गेल्यावर एवढे करा: धंद्याचे कागद मागा, वाचा. भागीदारीत, खात्यात आपले नाव लावून घ्या. रोज काय काम केले ते वहीत लिहा.

सूर लिहिले म्हणून टिकले. आपले कामही लिहू या.